चिमाच्या वाट्याचा मासा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे घडलंय. १९८६ सालचा मार्गशीर्ष, गुहागरजवळची खाडी आणि आमच्या मैनामावशीचं घर.

मैनाचा नवरा लवू भादव्यात खाडीत बुडाला. होडी काळ्या डोहात सापडली. लवू नाही.

महिन्याभराने पहाटे मागच्या पडवीत ओली पावलं वाजली...

दार उघडलं तर कोणी नव्हतं. पायरीवर ताजा शेंगाळा मासा होता. कल्ल्यातून माडाच्या झावळीची हीर ओवलेली, गाठ लवूचीच.

मग रोजच मासा येऊ लागला.

मैना रडली, पण सुखाने. माणूस गेला तरी लेकीला विसरला नाही, असं तिला वाटलं. नवऱ्याचं वर्ष पाळायचं म्हणून तिला स्वतःला मासे वर्ज्य होते. सगळा मासा आठ वर्षांच्या चिमाच्या पानात पडायचा.

एवढंच खटकायचं... तो मासा कापताना एकही मांजर फिरकायचं नाही.

त्याच सुमारास खाडीत मेलेले मासे तरंगू लागले. रत्नागिरीहून तपासणीवाले साहेब आले आणि घरोघरचे मासे घेऊन गेले. परत आले ते थेट मैनाच्या दारात. बाकीच्यांच्या माशांत पारा होता, पण थोडा. हिच्या माशात मात्र भयंकर होता. एवढा पारा काळ्या डोहाच्या तळाच्या गाळातच सापडला होता, आणि तिथे तर कोणी जाळं टाकत नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, हा मासा खातं कोण?

मैनाने चिमाकडे पाहिलं.

पोरीच्या हातातला पेला थरथरत होता. मैना इतके दिवस ते थंडीवर ढकलत होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्यावर जीव टाकला त्यानेच लेकीला विष घातलं, तेही आईच्या हातून. एवढा दगा तिला परक्यानेही दिला नव्हता.

दुसऱ्या पहाटे पुन्हा पावलं वाजली. मैना दाराआडूनच बोलली.

"मला न्यायचं व्हतं तर न्यायचं. पोरीला कशाला? आजपासून तुमचा मासा या घरात शिजायचा न्हाय."

पावलं थांबली...

मग कोणीतरी सावकाश पायऱ्या उतरलं.

मैना वळली. चिमा अंथरुणात उठून बसली होती.

"आये, बाबा रागावलं न्हायत. म्हनलं, आई वाढत नसंल तर तूच जेवायला ये."

मैनाने त्याच दिवशी पोरीला घेऊन अलोरं गाठलं, बहिणीकडे. खाडीकडे पुन्हा फिरकली नाही. पोर बरी झाली, लग्न झालं, पोराबाळांची आई झाली.

पण चिमा माहेरी आली की म्हातारी मैना अजून दाराला आतून कुलूप घालते. परवा मी कारण विचारलं.

चिमा अजूनही पहाटे झोपेत उठते म्हणे. हात धुते, दाराकडे तोंड करून मांडी घालते...

आणि पान वाढायची वाट बघते.