स्कीच्या उतारावरचे बेडूक

"बुडालो! मेलो! बाहेर काढा मला!"

उलार बोंबलत होता आणि अयपेरी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती. चिखल त्याच्या गुडघ्यापर्यंत आला होता. गुडघाभर चिखलात आजवर कुणी बुडालेलं नाही, पण हे उलारला कोण सांगणार? बारा वर्षांचा झाला तरी त्याच्या तोंडाचा पट्टा पायांपेक्षा जास्त चालायचा.

"ओरडू नकोस, हात दे!" अयपेरी वैतागून म्हणाली. ती त्याची मामेबहीण, त्याच्याहून एका वर्षाने मोठी.

"माझा बूट आत राहिला!"

"राहू दे. तुझ्या बुटाला नाहीतरी चिखलाचीच सवय आहे."

उलारची धाकटी बहीण बेगिमाय उकिडवी बसून गवतात काहीतरी बघत होती. ती फार कमी बोलायची. "इथे बेडूक आहेत," ती म्हणाली.

अयपेरी झटकन वळली. बेडूक? इथे? हा अक-कार स्की-केंद्राचा तिसरा उतार. हिवाळ्यात इथून लोक स्कीवर सुसाट खाली जातात आणि जुलैत इथलं गवत वाळून पायाखाली कुरकुरतं. तिघं रानस्ट्रॉबेरी वेचायला दरवर्षी इथेच यायची. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. खाली तेरेक-बुलाक गावात पाटाचं पाणी आटून बटाट्याची फुलं माना टाकत होती. आणि इथे बेडूक गाणी म्हणत होते!

"वर चला," ती म्हणाली.

"आणि माझा बूट?"

"उलार!!"

तिला घाई होती, कारण पाण्याची गोष्ट तिच्या घरची होती. तिचे वडील मुकानबेत गावाचे मुराब होते. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं, कुणाची पाळी कधी, हे सगळं मुराबच्या हातात असतं. अकरा वर्षं त्यांनी हे काम केलं आणि एकाही बापाच्या पुताला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. पण गेले तीन आठवडे पाट निम्म्याहून खाली गेला आणि गाव त्यांच्यावर उलटलं. पाणी पलीकडच्या कोक-जारला वळवतो म्हणे, तिथे त्याची सासुरवाडी आहे! जुमाबाय नावाचा शेजारी तर चौकात उभा राहून ओरडायचा. वडील दोनदा पाटाच्या तोंडापर्यंत जाऊन आले. वरूनच कमी येतंय, असं त्यांनी सांगितलं. कुणी ऐकलं नाही. उद्या तीन वाजता शाळेच्या अंगणात म्हातारी मंडळी बसणार होती आणि नवा मुराब निवडणार होती.

चिखलाच्या कडेकडेने तिघं वर चढली. वर तलाव होता. हिवाळ्यात बर्फ कमी पडला की याच तलावाच्या पाण्याचा यंत्राने बर्फ करून उतारावर उडवतात. आत्ता त्यात हंसाच्या आकाराच्या बारा होड्या तरंगत होत्या आणि पाहुणे पायाने पेडल मारत हसत होते. तलाव काठोकाठ भरला होता. छे, काठाबाहेर! एका बाजूने पाणी सरळ सांडत होतं, तिसऱ्या उतारावर.

"येतंय कुठून एवढं?" उलारने विचारलं.

बेगिमायने बोट दाखवलं. पलीकडच्या टोकाला मांडीएवढा जाड पाइप भसाभसा ओतत होता.

पाइपच्या मागोमाग तिघं झुडपांतून गेली आणि पाचच मिनिटांत ओढ्याशी पोचली. गावाच्या पाटाचाच ओढा तो! ओढ्यात छोटा बांध, बांधाला लोखंडी फाटक, फाटकावर गाडीच्या स्टिअरिंगसारखं चाक. चाकाला साखळी आणि कुलूप. फाटक सताड उघडं होतं. निम्मा ओढा पाइपात चालला होता. बर्फ वितळून ओढा फुगलेला होता तोवर हे कुणाला जाणवलं नव्हतं.

शेजारच्या खांबावर प्लास्टिकमध्ये घातलेला कागद होता. उलारने मोठ्याने वाचला, "हंगाम बंद करण्याच्या दिवसाची कामं. एक, लिफ्टच्या खुर्च्या तपासणे. दोन, स्की गोदामात ठेवणे. तीन, बर्फाची यंत्रं सुटी करणे. चार, तलावाचं फाटक बंद करणे." खाली दरवर्षीची सही होती. यंदाची ओळ कोरी.

"विसरले!" अयपेरी किंचाळली. "नुसते विसरले! आणि शिव्या माझ्या वडिलांना!"

अक-कारचे व्यवस्थापक सपारबेक होड्यांपाशी पांढरी टोपी घालून पाहुण्यांचे फोटो काढत होते. त्यांच्या डोक्यावर भलामोठा फलक होता: 'अक-कार, आता बाराही महिने!' अयपेरीने एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण बाळ, आम्ही विसरलो नाही," ते म्हणाले. "ही यादी कधीची आहे? हंगाम बंद करण्याच्या दिवसाची. यंदा आम्ही बंद झालोच नाही! वर वाच की."

"पण फाटक?"

"फाटक यादीत आहे."

"मग ते बंद करा ना!"

"कसं करणार? यादी बंदच्या दिवशी करायची. तो दिवस आलाच नाही."

अयपेरीने डोळे मिटले आणि दहापर्यंत आकडे मोजले. उलारने आईस्क्रीम घेतलं, कारण सपारबेक बाइकेंनी (मोठ्या माणसाला आमच्याकडे बाइके म्हणतात) तिघांना आईस्क्रीम दिलं होतं. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच तर जास्त संताप येत होता!

"हे बघ, चाकाला हात लावायचा तर अभियंत्याचा हुकूम लागतो," ते म्हणाले. "तो करकोलला असतो. जा, खेळा."

अयपेरी धावत घरी गेली. वडील पाटावर होते आणि जुमाबाय त्यांच्या डोक्यावर उभा होता. तिचं बोलणं संपायच्या आत जुमाबाय हसला. "मुराबची पोरगी दुसरं काय सांगणार? अक-कारच्याच माणसाने उद्या येऊन सांगू दे. मग मी ऐकतो!"

वडील उठले नाहीत. "आज मी डोंगरावर गेलो तर हे म्हणतील मुराब पळाला," ते हळूच म्हणाले. ते काठावरची माती उगाचच हाताने थोपटत राहिले. ते बघून अयपेरीला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिनीबसने तिघं करकोलला गेली. अभियंत्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "सरोवरावर गेलेत. दहा दिवस. फोन बंद ठेवतात, डोक्याला ताप नको म्हणून."

"त्यांच्या डोक्याला!" अयपेरी रस्त्यातच ओरडली. "आधी म्हणे यादी, मग म्हणे हुकूम, आणि हुकूम देणारा पाण्यात डुंबतोय! मोठं झाल्यावर सगळ्यांना असंच व्हायला लागतं का?"

"मला भूक लागलीय," उलार म्हणाला. "आई इथेच आहे. अशल्यान-फू खाऊ घालेल."

त्याची आई गुलसून प्रसूतिगृहात सुईण होती. ती बाहेर आली तीच मास्क काढत, घामाघूम आणि हसत. "थांबा रे, पाणी पिऊ दे! मोठं बाळ होतं. अक-कारच्या सपारबेकच्या लेकीला मुलगी झाली. त्याची पहिली नात! वर तलावापाशी फोन लागतच नाही त्याला. जावयाचा भाऊ अझात निघालाय वाटतं बातमी घेऊन. मघापासून आरशात केस विंचरतोय."

अयपेरी आणि उलारने एकमेकांकडे पाहिलं. उलारच्या डोक्यातून अशल्यान-फू पार निघून गेला, यावरून काय ते समजा.

आमच्याकडे आनंदाची बातमी घेऊन जो पहिला पोचतो तो लांबूनच ओरडतो, "सुयुन्चू!" मग ऐकणाऱ्याने तो मागेल ते द्यायचं. कुणी टोपी देतं, कुणी शिंगरू. नाही म्हणायचं नसतं. त्यातून नातवंडाची बातमी असेल तर मुळीच नाही.

"एजे, आम्ही जातो!" अयपेरी आत्याला म्हणाली आणि तिघं सुटली.

दीड वाजता मिनीबसने त्यांना लिफ्टच्या पायथ्याशी सोडलं. लिफ्ट बंद होती. केनेश मेकॅनिक सावलीत बसून बोरसोक खात होते.

"केनेश बाइके, लिफ्ट चालू करा!"

"अडीचपर्यंत जेवणाची सुट्टी."

"अहो, तीन वाजता सभा आहे!"

"म्हणून काय उपाशी राहू?"

मागे हॉर्न वाजला. अझातची लाल गाडी धूळ उडवत डोंगराच्या रस्त्याला लागली. अयपेरीला आता जमिनीवर लोळण घ्यावीशी वाटत होती. तेवढ्यात बेगिमाय शांतपणे म्हणाली, "केनेश बाइके, सपारबेक बाइकेंना नात झाली."

"बेगिमाय!" उलारने कपाळावर हात मारला.

केनेश ताडकन उठले. "नात? अरे वा! मग सुयुन्चू मीच मागतो! मला त्याची ती कोवळी घोडी—"

"तुम्ही खुर्चीत बसलात तर लिफ्ट कोण चालवणार?" बेगिमायने विचारलं.

केनेश विचारात पडले. मग हातातला बोरसोक तोंडात कोंबून, फार दुःखी चेहऱ्याने, त्यांनी यंत्र सुरू केलं.

लिफ्टच्या खुर्चीतून खालचा रस्ता स्वच्छ दिसत होता. लाल गाडी पहिलं वळण चढली, दुसरं चढली. "हरलो!" उलार म्हणाला. तिसऱ्या वळणावर रस्ता दिसेनासा झाला होता. दिसत होत्या फक्त मेंढ्या. शेकडो मेंढ्या, आणि त्यांच्यामागे मजेत गाणं म्हणत घोड्यावरून चाललेला मेंढपाळ!

"हळू चाल, मेंढपाळदादा! अजून हळू!" उलार खुर्चीत नाचायला लागला.

"बस खाली, पडशील!"

पण अझातही काही कमी नव्हता. त्याने गाडी तिथेच सोडली आणि मेंढ्यांतून वाट काढत तो पळत सुटला. खुर्ची वर पोचली तेव्हा तोही तलावाच्या दुसऱ्या बाजूला पोचला होता, धापा टाकत, तोंडातून शब्द फुटत नव्हता. अयपेरीने खुर्चीतून उडी मारली आणि जीव खाऊन ओरडली,

"सुयुन्चू! सपारबेक बाइके, सुयुन्चू!"

सगळा तलाव वळून बघायला लागला. होड्या थांबल्या. सपारबेक बाइके धडपडत पुढे आले. "काय? माझी लेक? सांग, लवकर सांग!"

"आधी शब्द द्या!"

"दिला! काय मागशील ते दिलं! बोल!"

"मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. बाळ मोठं आहे."

सपारबेक बाइकेंनी टोपी काढून तोंडावर धरली आणि तिच्याआड ते मुसमुसून रडले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अझात पलीकडच्या काठावर मटकन बसला.

"माग, पोरी!" ते डोळे पुसत म्हणाले. "सायकल? शिंगरू?"

"सायकल," उलार कुजबुजला. "गिअरची."

अयपेरीने त्याच्या पायावर पाय दिला. "फाटकाचं चाक फिरवा," ती म्हणाली. "आत्ता. आणि तीन वाजता आमच्या गावात येऊन सांगा, पाणी कुणी घेतलं ते."

सपारबेक बाइकेंचा चेहरा उतरला. "अगं... ते सोडून काहीही माग. अभियंत्याचा हुकूम नाही. होड्या चिखलात बसतील. गावासमोर माझी शोभा होईल..."

"माझ्या वडिलांची रोज होतेय!" अयपेरीचा आवाज चिरकला. "तीन आठवडे! ते धड जेवतसुद्धा नाहीत!"

पहिल्या हंसात एक म्हातारे पाहुणे नातवाला घेऊन बसले होते. तिथूनच ते करड्या आवाजात म्हणाले, "नातीच्या नावाने दिलेला शब्द पहिल्याच दिवशी मोडणार का रे?"

सपारबेक बाइकेंनी टोपी डोक्यावर ठेवली. "किल्ली कुठाय?" त्यांनी विचारलं.

किल्ली कुठे असणार! केनेशच्या हिवाळी कोटाच्या खिशात, आणि कोट गोदामात सगळ्या स्कींच्या मागे. ती शोधण्यात चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत अयपेरी काय काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही. शेवटी चाक करकरत फिरलं, पाइप गुरगुरला आणि गप्प झाला, आणि ओढा आपल्या जुन्या वाटेने खळाळत निघाला.

शाळेच्या अंगणात सभा जवळजवळ संपलीच होती. मुकानबेत मधोमध उभे होते आणि त्यांनी आपलं फावडं म्हाताऱ्यांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं होतं. जुमाबाय हात उडवत बोलत होता. सपारबेक बाइकेंची गाडी तशीच आत शिरली. ते उतरले, कोऱ्या ओळीचा तो कागद त्यांनी सगळ्यांना दाखवला, आणि मान खाली घालून म्हणाले, "पाणी मी घेतलं. मुद्दाम नाही. पण घेतलं मीच. मुराबने एक थेंबही चोरला नाही."

जुमाबायला अचानक आपल्या बुटांमध्ये फार रस वाटू लागला.

तेवढ्यात बाहेर आवाज झाला. शाळेमागच्या कोरड्या पाटात पाला, काटक्या ढकलत गढूळ पाणी येत होतं. पोरंबाळं ओरडत धावली. मागोमाग म्हातारेही काठ्या टेकत धावले.

मुकानबेतनी फावडं उचललं आणि लेकीच्या हातात दिलं. "पहिला बांध तू फोड."

"आपला?" अयपेरीने हसत विचारलं.

"नाही. जुमाबायचा."

"काय?!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की पाणी बघणारी पोरंसुद्धा वळली. "त्याचा? अताके, ज्याने तुम्हाला चोर म्हटलं त्याचा? आधी?"

"पाळी त्याची आहे," वडील म्हणाले. "मंगळवारपासून त्याचीच होती."

म्हाताऱ्या मंडळींतले सगळ्यांत वयस्क अकसकल पुढे आले आणि त्यांनी अयपेरीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आम्ही इतके जण इथे बसून बोलत राहिलो, आणि तुम्ही तिघांनी पाणी आणलं. शाबास! आणि तुझ्या बापाला अकरा वर्षं मुराब का ठेवलं, ते आम्ही विसरलो होतो. आज तू पाणी आणलंस म्हणून ते आम्हाला पुन्हा दिसलं."

वडिलांकडे बघून अयपेरीने एक लांब सुस्कारा सोडला, फावडं खांद्यावर टाकलं, आणि पुटपुटत, पाय आपटत, जुमाबायच्या शेताकडे निघाली.