सातच्या बसची माणसं

घर बदलायचं ठरलं ते सासूबाईंमुळे. शहरातल्या त्यांच्या इमारतीत भरदुपारी चोर शिरला आणि शेजारच्या म्हातारीला ढकलून कपाट रिकामं करून गेला. तेव्हापासून सासूबाई दाराला खुर्ची लावून दिवसभर तिच्यावरच बसून राहू लागल्या. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायला शहरभर फिरणारा, सून दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला. दिवसा घरात दुसरं कुणीच नसे. सून पाच बहिणींतली शेवटची, म्हणून माहेरी तिला धाकटी म्हणत. सासरीही तेच नाव चिकटलं होतं.

सुट्टीच्या दिवशी नवरा-बायको उपनगरं पालथी घालू लागले. जिथलं भाडं झेपेल तिथे संध्याकाळपासून रस्त्यावर बाटल्या फुटत. जिथे शांतता असे तिथलं भाडं ऐकूनच नवरा बूट घालायला लागे. आणि जिथे दोन्ही जमत होतं ती जागा इतकी लांब, की घरी नुसतं झोपायला जायचं. शेवटी एका एजंटने बसच्या शेवटच्या थांब्यामागची वसाहत दाखवली. बैठी घरं, प्रत्येकापुढे छोटं फाटक, झाडून काढल्यासारखे रस्ते. शहरातून तासाभराची बस.

"इथे कुणी कुलूप लावत नाही," एजंट म्हणाला.

"चोऱ्या होत नाहीत?"

"चोर फिरकतच नाहीत इकडे."

तो हसला खरा, पण फाटकाच्या आत काही आला नाही. किल्ली त्याने बाहेरूनच हातात दिली.

सामान उतरवताना समोरच्या खिडकीत एक बाई उभी होती. जाड भिंगांचा चष्मा, घट्ट मिटलेले ओठ. धाकटीने ओळखीचं हसून मान हलवली, तशी बाईने पडदा ओढून घेतला. पुढेही तेच. धाकटी दुकानात शिरली की चाललेलं बोलणं तुटे, दुकानदार सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवी. संध्याकाळी सातच्या बसमधून सगळे उतरत, थांब्यावर एकमेकांना खेटून उभे राहत आणि एक शब्द न बोलता झपाझप चालू लागत. ज्याचं घर येई तो बाजूला होई, मागे दार लागे. धाकटी त्या घोळक्यात शिरायला गेली की खांदे आडवे येत. मग ती आपली मागून, चार हात अंतर ठेवून चाले.

"माणूसघाणी मंडळी आहेत," ती नवऱ्याला म्हणाली.

"असेनात का. आई दुपारची निर्धास्त झोपते, मला तेवढं पुरे."

खरंच होतं ते. खुर्ची दारापासून हलली होती.

थंडीचे दिवस आले आणि सातलाच गडद अंधार पडू लागला. एका संध्याकाळी बसमधून उतरताना धाकटीची पिशवी फाटली. घरी घासायला आणलेले कवळ्यांचे साचे डांबरावर घरंगळले. कुणी वाकलं नाही. एक माणूस तर साचा ओलांडून पुढे गेला. तिने सगळं गोळा करून पदरात घेईपर्यंत घोळका वळणाआड गेला होता, बसही परत फिरली होती. रस्ता एकदम मोठा वाटायला लागला.

मग मागून पावलं ऐकू आली. पुष्कळ पावलं. मागची बस आली असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिला हायसं वाटलं. बसचा आवाज आलाच नव्हता, हे तिला फार उशिरा आठवलं.

या माणसांनी खांदे आडवे घातले नाहीत. उलट तिला मधोमध जागा करून दिली. त्यांच्या कपड्यांना न वाळलेल्या लोकरीचा, साचलेल्या पाण्याचा वास होता. शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "नवीन ना?"

आवाज पांघरुणाखालून यावा तसा. पण इथे आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून बोललं होतं. धाकटीला भरून आलं.

"हो. झाले थोडे दिवस."

"कोणतं घर?"

"ते… पुढच्या कोपऱ्यावरचं. निळं फाटक."

"घरी कोण असतं?"

"सासूबाई असतात. दिवसभर एकट्याच."

"एकट्याच," बाई म्हणाली. पुढे-मागे कुणीतरी तोच शब्द पुटपुटलं.

मग धाकटीच्या ध्यानात आलं, की घरं मागे पडताहेत पण बाजूला कुणीच होत नाहीये. घोळका जवळ गेला की एकेका खिडकीतला दिवा मालवला जात होता. निळं फाटक आलं. ती तिकडे वळली, तर तिथे कुणीतरी होतं. दुसरीकडे वळली, तिथेही होतं. कुणी तिला धरलं नव्हतं. सगळ्यांच्या माना दमलेल्या माणसांसारख्या खाली होत्या.

"माझं घर… मागे राहिलं," ती कशीबशी म्हणाली.

"माहीत झालंय आता," बाई म्हणाली.

धाकटी मटकन खाली बसली. पदरातले साचे सोडून दिले आणि गुडघ्यांवर सरपटत निघाली. अंगाला थंड, ओलं कापड घासत राहिलं. नुसतं कापड. त्या कापडांच्या आत पाय लागले नाहीत.

फाटकापाशी ती धडपडून उठली तेव्हा नवरा दारातून धावत आला होता. त्याने तिला आत ओढलं आणि गुडघ्यांवरचं रक्त पुसलं.

"एवढे लोक होते…" ती म्हणाली. "तुम्ही पाहिलंत ना?"

"तू एकटीच होतीस," तो म्हणाला. "पण भररस्त्यात अंग चोरून चालत होतीस. गर्दीत चालतात ना, तशी."

दुसऱ्या दिवशी दोघं कामाला गेली नाहीत. संध्याकाळी बसची माणसं नेहमीसारखी गेली, दारं लागली. धाकटी स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या खोलीतून कडी सरकल्याचा आवाज आला म्हणून ती धावली. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू… आत आहेस?"

बाहेरून कुणीतरी दारावर हलकेच टकटक केली. "आई, दार उघडा ना. दमलेय मी."

आवाज धाकटीचा होता. शब्द ओढायची लकबसुद्धा तिचीच. नवऱ्याने आईला बाजूला घेतलं, कडी घातली आणि पाठ टेकून दाराशी बसला. बाहेर तो आवाज विनवत राहिला, मग रडकुंडीला आला, मग चिडला. शेवटी थांबला.

उजाडताच टेम्पो बोलावला. सामान चढत असताना समोरची चष्मेवाली पहिल्यांदाच रस्ता ओलांडून आली.

"घर सांगितलंत त्यांना?"

"तुम्ही आधी सांगायचं होतं," धाकटी म्हणाली.

"सांगितलं असतं तर राहिला असतात?" बाईच्या आवाजात राग होता, लाज नव्हती. "ते नव्या घराच्याच मागे लागतात, आणि आमच्यानंतर कुणी नवीन आलंच नव्हतं. इतकी वर्षं आम्हीच दारं धरून बसलोय. आता तुमची पाळी होती. आणि तुम्ही पळताय."

ते शहरात परतले. एका उंच इमारतीत दीड खोली मिळाली, भाडं डोक्यावरून पाणी जाईल असं. सासूबाईंनी खुर्ची पुन्हा दाराला लावली. यावेळी त्यांची थट्टा कुणी केली नाही. हळूहळू धाकटीने कामावरून येताना मागे वळून बघणं सोडलं.

पुढे एका संध्याकाळी ती भाजी चिरत होती, नवरा यायचा होता. फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"एजंटकडून नंबर घेतला," चष्मेवाली म्हणाली. "घर सोडलंत ना? मग रोज सातच्या बसने परत कशाला येता?"

"मी कुठे येते… मी इथे घरी आहे."

पलीकडे पडदा सरकल्याचा आवाज आला.

"फाटक उघडून आत जाता तुम्ही. आता दिवाही लावायला लागलात. आणि आज सासूबाईंचा हात धरून घेऊन आलात. दोघी पायरीवर बसल्यात, मला खिडकीतून दिसताहेत."

धाकटीने सुरी खाली ठेवली. आतल्या खोलीत अंधार होता. सासूबाई मघाशीच जरा पडते म्हणून आत गेल्या होत्या.

"आई…?" तिने हाक मारली.

"ओ," आतून सासूबाईंचं थकलेलं उत्तर आलं.

तिने सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात फोनमध्ये, चष्मेवालीच्या श्वासामागे, लांबून रस्त्यापलीकडून, तोच थकलेला आवाज आला.

"ओ."