कोरा कागद, जळालेला सिगार

लालासाहेब खुर्चीत मृत होते. समोर निकाराग्वाचा जाड, कडक सिगार, दोन तृतीयांश जळालेला. शेजारी चाचणीचा कोरा कागद.

कुपवाडच्या या खोलीत ते आयात केलेले सिगार ओढून बघत आणि व्यापाऱ्यांना दर्जा कळवत. वारा लागला की सिगार एका अंगाने जळतो. म्हणून खिडक्या बंद. दाराची आतली कडी मोडलेली, म्हणून दार वाऱ्याने उघडू नये यासाठी बाहेरची लावून घरातलं कोणीतरी बाहेर बसायचं. आज मेहुणा आकाराम बसला होता.

"दार कधी उघडलंत?" फौजदार प्रियदर्शनींनी विचारलं.

"साडेसहाला, मॅडम. दाजी खुर्चीतच गेलं हुतं. हार्ट."

"त्याआधी काही आवाज?"

"न्हाई. धुराचा वास येत हुता. निवांत वडत असतील म्हटलं."

"मध्ये कुठे गेला नाहीत?"

"कुठं जानार? हितंच हुतो."

"भाऊ हुता म्हणून तर मी आष्ट्याला गेले," लालासाहेबांच्या पत्नी अंबूबाई म्हणाल्या. "शेवटाला कोण तरी जवळ हुतं. तेवढंच."

प्रियदर्शनींनी जुने कागद चाळले. 'पहिला भाग: काळी मिरी. दुसरा: कोको, ओलं चामडं. मिनिटाला एक झुरका. राख दीड इंच टिकली.' प्रत्येक भाग संपताच नोंद, वेळेसकट.

रक्षापात्रात राखेचा नुसता चुरा होता. सिगारचं वरचं पान तडकलेलं, टोक दातांनी तोडलेलं. कटर डबीत तसाच. लालासाहेबांच्या नखांत हिरवा रंग होता.

"आकाराम, विडी ओढता?"

"व्हय. का?"

"विडी सतत ओढावी लागते, नाहीतर विझते. हा सिगार तसाच ओढलाय, म्हणून तापून तडकला. लालासाहेबांनी टोक कटरने कापलं असतं. दोन भाग ओढून कागद कोरा ठेवला नसता. त्यांनी सिगार पेटवलाच नव्हता. तुम्ही ओढलात, ते निवांत गेले असं दिसावं म्हणून."

प्रियदर्शनींनी हिरव्या दाराकडे बोट दाखवलं.

"नखांतला रंग या दाराचा आहे. छातीत कळ आली तेव्हा ते दार वाजवत होते. बाहेर तुम्ही नव्हता."

"तू हितंच हुतास न्हवं रं?" अंबूबाईंनी विचारलं.

आकाराम खाली बसला. "बैलांची शर्यत हुती, आक्का. तासाभरात येनार हुतो. आलो तवा दाजी दाराशी गार पडलं हुतं. उचलून खुर्चीत बसवलं. तुला काय सांगनार हुतो?"

अंबूबाई प्रियदर्शनींकडे वळल्या. "मॅडम, किती वेळ वाजवलं असंल वो त्यांनी?"

"सांगता येत नाही," प्रियदर्शनी म्हणाल्या.

अंबूबाई उठल्या आणि त्यांनी दार आतून लोटून घेतलं. ओरखडे खांद्याच्या उंचीवर सुरू होत होते. त्या बोटांनी ते चाचपत खाली खाली वाकत गेल्या. शेवटचा ओरखडा उंबऱ्याला टेकला होता.