नेलपॉलिशची रेघ

"ही पण गेली," हिराबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली.

आमरसाची बाटली होती. तिचं झाकण पुरीसारखं फुगलं होतं आणि कडेनं बारीक फेस येत होता. पडवीत बसलेल्या बायकांच्या नजरा प्रमिलाकडे वळल्या, आणि खांबाला टेकून उभ्या असलेल्या राहीला ते मुळीच आवडलं नाही. प्रमिला ही तिची आई.

टोकावड्याच्या या बायकांचा बचत गट होता. घरामागच्या रायवळ आंब्यांचा रस आणि परसातल्या टोमॅटोचा गर बाटल्यांत भरायचा, झाकणं लावून बाटल्या मोठ्या टोपात उकळायच्या, की पावसाळाभर त्या टिकत. काही घरी ठेवायच्या, काही माळशेजच्या रस्त्यावरच्या ढाब्यांना द्यायच्या. पण यंदा लांब समुद्रापलीकडे लढाई पेटली आणि टोकावड्यात झाकणं मिळेनाशी झाली. लढाईचा आणि झाकणांचा काय संबंध, असं राहीनं विचारलं तेव्हा मुरबाडच्या दुकानदारानं हात जोडले होते. "पत्रा नाय, रबर नाय, बोटी अडकल्यात. मी काय लढाई थांबवू पोरी?" गॅसची तीच गत, म्हणून टोप चुलीवर चढला होता. जुनी झाकणं पुन्हा वापरायची तर आतलं रबर एकदा दबलं की दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही. आता नवी झाकणं शेवटच्या एका घाण्यापुरती उरली होती.

"प्रमिला, खरं सांग," हिराबाई म्हणाल्या. गटात त्या सर्वांत मोठ्या, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. "लाकडं वाचवायला टोप लवकर उतरवलास ना?"

"नाय काकी. माझ्या राहीची शपथ."

"मग फुगतात कशा? उद्याची पण झाकणं फुकट गेली तर उरलेले आंबे गुरांना घालायचे. आणि पुढल्या साली टोपाजवळ दुसरं कोणी बसेल."

घरी आल्यावर आई चुलीकडे तोंड करून बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. "धूर गेला गो डोळ्यांत," ती म्हणाली. चूल पेटलेली नव्हती. राहीला आईची फार दया आली, आणि हिराआजीचा त्याहून जास्त राग आला. कारण प्रत्येक घाण्याला राही स्वतः चुलीपाशी असायची. आईनं टोप कधीच लवकर उतरवला नव्हता.

"म्हणजे कोणीतरी घोळ घालतंय," अमोल म्हणाला. हा तिचा मामेभाऊ, सुट्टीला आटगावहून आलेला. आटगावला लोकल थांबते, म्हणून आपल्याला जगातलं जरा जास्त कळतं असं त्याचं मत होतं. "चोरच असणार."

"चोर रस खाईल का फुगवून ठेवील?" शेजारची सारिका म्हणाली. "तुझं डोकं आटगावलाच राहिलं वाटतं."

"तुमी दोघं भांडा. मी बघून येते," राही म्हणाली. मग अर्थातच तिघंही निघाली.

बाटल्या काळूरामच्या मागच्या खोलीत ठेवलेल्या असत. गावात तेवढीच खोली दिवसभर थंड असायची. काळूराम कसाऱ्याजवळ महामार्गावरच्या गॅरेजात डेंटिंगचं काम करायचा. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लढाईमुळे गाड्यांचे सुटे भाग यायचे थांबले, गॅरेज बंद पडलं आणि तो घरी येऊन बसला. हिराबाईंनी त्याला बाटल्या सांभाळायला सांगितल्या होत्या.

तो बाहेर गेला होता. राहीनं एका न फुगलेल्या बाटलीच्या झाकणावर बोट दाबलं. टुक! बोट उचललं. टुक! दुसऱ्या बाटलीचंही तेच.

"हे चूक आहे," ती हळूच म्हणाली. "उकळून थंड झाली की झाकण मधे खाली बसतं. आतली हवा गेलेली असते ना. मग ते हलत नाय, वाजत नाय. आमच्या घरून निघाल्या तेव्हा सगळी झाकणं खाली बसलेली होती. मी बघितली होती."

"मग इथं येऊन वर कशी आली?" सारिकानं विचारलं.

"कोणीतरी उघडल्या."

"उघडून रस न खाणारा माणूस?" अमोलला ते काही केल्या पटेना. "असा माणूस आमच्याकडं नाय बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा घाणा झाला. बाटल्या निवल्या, झाकणं खाली बसली. तेव्हा सारिकानं ताईची लाल नेलपॉलिश आणली आणि प्रत्येक बाटलीवर झाकणापासून काचेपर्यंत एक बारीक रेघ ओढली. कोणी झाकण फिरवलं की रेघ तुटणार. आणि उघडून तेच झाकण पुन्हा कितीही घट्ट लावलं तरी रेघेला रेघ जुळणं कठीण. "ताईनं विचारलं तर अमोलनं सांडली म्हणून सांगीन," ती म्हणाली.

बाटल्या काळूरामच्या खोलीत गेल्या. दुपारची जेवणं झाल्यावर तिघं पुन्हा तिथं शिरली. पुढच्या बाटल्यांवरच्या रेघा तुटल्या होत्या! झाकणावरचा तुकडा एकीकडे, काचेवरचा दुसरीकडे. तेवढ्यात चपला वाजल्या आणि तिघंही भाताच्या कणगीमागे दडली.

काळूराम आत आला. त्यानं एक बाटली उचलली, उजेडात तिरकी धरली आणि झाकणावरून अंगठा फिरवला. "च्, हिला पण पोचा," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्यानं झाकण पिळलं. टुक! झाकण सपाट झालं. ते पुन्हा गच्च आवळून त्यानं बाटली फडक्यानं पुसली आणि मोठ्या समाधानानं जागेवर ठेवली.

अमोल ओरडणारच होता, राहीनं त्याचं तोंड दाबलं. आईवर आळ सगळ्या बायकांसमोर आला होता. मग तो त्यांच्यासमोरच उतरायला हवा, आणि पोरांच्या सांगण्यावर तो उतरणार नव्हता. पण बायकांना बोलावेपर्यंत हा आणखी किती बाटल्या उघडणार?

तिनं सारिकाच्या कानात काहीतरी सांगितलं. सारिका मागच्या दारानं पसार झाली आणि थोड्या वेळानं पुढच्या दारात उभी राहिली, हातात बापाच्या सायकलचा मडगार्ड घेऊन. त्याला चांगलाच पोचा आला होता.

"काळूकाका, बाबा म्हणतात, हा आता भंगारातच घालायचा."

"भंगारात? आण इकडं," काळूराम म्हणाला. बाटल्या विसरून तो हातोडी घेऊन अंगणात बसला.

राही धावत हिराबाईंकडे गेली. "आजी, बाटल्या का फुगतात ते दाखवते. सगळ्यांना घेऊन चला. फक्त तिथं कोणी बोलायचं नाय." हिराबाईंना पोरीनं असं सांगितलेलं आवडलं नाही, पण त्या उठल्या. प्रमिलाही आली.

राहीनं आतून रेघ न तुटलेली एक बाटली आणली. "काका, ह्या झाकणाला पोचा आलाय का हो?"

"आलाय तर. सगळ्यांनाच आलेला," काळूराम अभिमानानं म्हणाला. "काकी, तुमी सांगितलंत ना, एक पण बाटली खराब दिसता नये? मी एकेक सरळ केली. हातोडी पण लागत नाय. हे बघा."

टुक!

तो आवाज काय असतो, हे त्या बायकांना शिकवायची गरज नव्हती. हिराबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, ती झाकणं तशीच असायला हवी होती. तू त्यांचा जीव घेतलास."

"मला कोणी सांगितलं?" काळूरामचा चेहरा पडला. "तुमी बायका शिकायला बसलात तेव्हा मला म्हणालात, हे बायकांचं काम, तू जा."

ते खरं होतं.

हिराबाई प्रमिलाकडे वळल्या. "मी तुला सगळ्यांदेखत बोलले. आता सगळ्यांदेखत सांगते, चूक माझी. टोप तुझाच." प्रमिलानं नुसती मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. या वेळी तिनं धुराचं नाव घेतलं नाही.

शेवटच्या घाण्यातल्या बहुतेक बाटल्यांवरची रेघ शाबूत होती. त्या वाचल्या. आधीच्या फुगलेल्या आणि टुक वाजणाऱ्या साऱ्या बाटल्यांतला रस उकिरड्यात पुरला. सकाळपासून उघडल्या गेलेल्यांचा रस लगेच टोपात ओतून आटवला आणि त्याची आंबापोळी घातली, कारण आंबापोळीला झाकण लागत नाही. ती वाळवायला सपाट ताटं हवी होती, आणि घरोघरची जुनी ताटं पोचे आलेली. ती सगळी काळूरामपुढं ठेवली गेली.

"ह्यांचे पोचे काढ किती काढायचे ते," हिराबाई म्हणाल्या. त्यानं ती आरशासारखी सपाट करून दिली, वर कावळे हाकायलाही तोच बसला.

संध्याकाळी हिराबाईंनी खोलीची किल्ली राहीच्या हातात दिली. "डोकं आहे गो तुझ्यात. आईवर गेलीस."

"आणि आमी?" अमोल म्हणाला.

"तुमाला आंबापोळी. वाळली की."

राही खोलीत गेली. पुढच्या बाटलीच्या झाकणावर तिनं बोट दाबलं आणि कान देऊन उभी राहिली. काही वाजलं नाही. मग कुलूप लावून ती आईला सांगायला घरी पळाली.