ऊन लागलेली पेल एल

"उद्या सकाळी माझी भट्टी माझ्या हातून जाणार," ती म्हणाली. "त्याआधी काही करता येत असेल तर करा. नाहीतर मी कशासाठी जगू, तेवढं तरी सांगा."

मास्तरांनी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घट्ट धरून ठेवला, पण ओठांना लावला नाही. मास्तर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. खासगी तपास करणाऱ्या शेजारीणबाईंच्या सोबतीला असत. त्या बाईंना सगळेच आत्याबाई म्हणत.

"पहिल्यापासून सांगा," आत्याबाई म्हणाल्या.

"आमची बिअरची भट्टी. नवऱ्यानं इंग्लिश पेल एलचा, म्हणजे फिकट तांबूस बिअरचा, घाणा लावला आणि बाटल्या भरायच्या आतच तो गेला. बाटल्या मी भरल्या. स्पर्धेला दोन दिल्या. एक चाखायला, एक राखीव, तंटा झालाच तर उघडायला. काल प्रमुख परीक्षकांनी वास घेतला आणि शेरा दिला, ऊन लागून नासलेली! मी म्हटलं, राखीव उघडा. तर म्हणे, ती कोठारात नाहीच, तुम्ही दिलीच नसेल. आता उद्याच्या बैठकीत दीर भागीदारांना सांगणार, नासका माल काढणारीच्या हाती भट्टी नको."

"ऊन लागून म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांना ऊन सोसत नाही. बिअरला जळक्या रबरासारखा वास सुटतो. पण ते पांढऱ्या नाहीतर हिरव्या काचेत. माझ्या बाटल्या गडद तपकिरी, त्यातून बंद खोक्यात."

"परीक्षकांना बाटली दिसते?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही. पलीकडच्या खोलीत ग्लास भरून आणतात."

आत्याबाई उठल्या. "चला."

स्पर्धेच्या जागी कोठारवाला रडकुंडीला आला होता. "त्यांनी बाटली दिली, मी या हातांनी फळीवर ठेवली. पण माझं ऐकतो कोण?"

"काल आत कोण कोण आलं?"

"आधी साहेब आले, प्रमुख परीक्षक, एकटेच, राखीव बाटली बघायला; मी बाहेर पेट्या मोजत होतो. मग यांचे दीर, रिकाम्या पेट्या न्यायला."

मास्तरांनी नाक वर केलं. "आंबूस वास येतोय."

"दीरही हेच म्हणाले, बिअर सांडलीय बघ म्हणून. अहो, बिअरच्या कोठारात अत्तराचा वास कुठून येणार?"

फरशी लखलखीत पुसलेली होती. आत्याबाईंनी दारातलं काथ्याचं पायपुसणं उचललं. वरून कोरडं, खालून चिंब. कुणीतरी ते उलटं करून टाकलं होतं.

"हे धुता कुठे?"

"इथंच, मागच्या नळावर."

"आणि बाईंची पेटी आली तेव्हा उन्हात होती का?"

"घटकाभर. मी साहेबांच्या देखतच ओरडलो, पेल एलचं खोकं तापलंय म्हणून. पेल एल ही एकटीच होती ना स्पर्धेत."

"बाकीच्या परीक्षकांचं मत काय पडलं?"

"ते साहेबांच्या तोंडाकडे बघून लिहितात."

दीर व्हरांड्यात सापडला. "भट्टी मला हवी आहे, लपवत नाही," तो गुरगुरला. "पण दादाच्या हातची बाटली मी मोरीत ओतेन? तेवढा नीच नाही मी."

जिना चढताना मास्तर कुजबुजले, "फायदा त्याचाच. जर त्यानं..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर!" आत्याबाई म्हणाल्या. "जर-तर सोडा."

प्रमुख परीक्षकांच्या खोलीत शिरताच मास्तरांनी रुमाल नाकाला लावला. टेबलावरच्या फुलदाणीत फुलं कुजून पाणी हिरवं पडलं होतं. परीक्षक तिच्याशेजारी शांत बसले होते.

"सर्दी झाली का हो?" त्यांनी आपुलकीने विचारलं.

मास्तरांनी संकोचाने रुमाल खिशात घातला. आत्याबाईंनी मात्र सगळ्यांना वर बोलावून घेतलं.

"बाटली कोठारात होती," त्या म्हणाल्या. "ती रिकामी करायला तिथंच उघडली आणि घाईत सांडली. सांडणाऱ्यानं फरशी पुसली, पायपुसणं उलटं केलं आणि समजला, झाकलं गेलं. डोळ्यांना दिसत नव्हतं ना! पण वास दारातच अडवत होता. कोठारवाल्यानं केलं असतं, तर पायपुसणं नळावर धुतलं असतं, किल्ली त्याचीच. दीर आत गेले तेव्हा वास आधीच होता आणि तो त्यांनी स्वतःच बोलून दाखवला. त्यांच्याआधी आलात तुम्ही, साहेब."

"मी? मी कशाला?"

"काल तुम्ही असा दोष सांगितलात, जो तपकिरी बाटलीत, बंद खोक्यात लागूच शकत नाही. बाटली तुम्हाला दिसली नव्हती. खोकं तापल्याचं मात्र ऐकलं होतं, आणि पेल एल एकच होती. तुम्ही वास घेतला नाहीत, अंदाज केलात. राखीव उघडली असती तर तो अंदाज उघडा पडला असता. या फुलांनी आम्हाला इथं उभं राहवत नाही, आणि तुम्ही मास्तरांना विचारता, सर्दी झाली का? साहेब, वास येईनासा होऊन किती काळ झाला?"

परीक्षकांनी फुलदाणीकडे पाहिलं. मग पिशवीतून रिकामी तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ताप आला होता," ते म्हणाले. "उतरला, पण वास परतला नाही. नात झाली. तिच्या टाळूला नाक लावलं, तर काहीच नाही. बाहेर कळलं असतं, तर माझ्याजवळ उरलं काय असतं?"

"आणि माझ्याजवळ?" ती किंचाळली.

तिने घरून आणलेली, त्याच घाण्यातली बाटली उघडली. दुसऱ्या दोघा परीक्षकांना बोलावलं. त्यांनी वास घेतला, घोट घेतला. एकजण खाली मान घालून म्हणाला, "निर्दोष आहे. काल बोलायला हवं होतं आम्ही."

दिराने ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. "वहिनी, उद्या मी काही बोलत नाही," तो पुटपुटला.

प्रमुख परीक्षकांसमोरही ग्लास होता. तांबूस, वर दाट फेस. ते त्याच्याकडे पाहत राहिले.

"बाई, मागायचं तोंड नाही मला. पण कसा आहे हो वास?"

ग्लास त्यांच्या तोंडावर फेकावा, असं तिला वाटलं. हात उचललाही गेला. मग तिने तो खाली घेतला.

"संत्र्याच्या सालीचा," ती म्हणाली. "चुरलेल्या ओल्या गवताचा. मागून भाजक्या पावाचा."

"आणखी?"

"भट्टीवरून यायचा तेव्हा नवऱ्याच्या शर्टाला यायचा, तो," ती म्हणाली.