फोरमनचा ट्रॅक

चष्मेवाल्याने त्या दिवशी दुपारीच दुकानाचं शटर ओढलं, यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. आभाळ भरून आलेलं, गिऱ्हाइकाचा पत्ता नाही, आणि नंबर तपासायला आलेल्या एकुलत्या एक म्हातारबुवांना तक्त्यावरची अक्षरं वाचण्यापेक्षा गप्पांतच जास्त रस. त्यांना गोड बोलून वाटेला लावलं आणि गडी घरी आला.

“आज लवकर?” बायकोने विचारलं.

“ॲम्प बिघडलाय. बघतो जरा.”

थाप होती ती. ॲम्प, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारा तो खोका, ठणठणीत होता. निदान तेव्हा तरी होता.

आता खरं काय ते ऐका. चष्मेवाल्याच्या घरात मागच्या अंगाला एक खोली आहे. भिंतींना जाड रजया टांगलेल्या, खिडकीत उशा कोंबलेल्या, एक कॉम्प्युटर, दोन माइक, तीन गिटारी आणि वायरींचा असा गुंता की बायकोने तिथे झाडू न्यायचं कधीच सोडून दिलंय. दर रविवारी तिथे तिघं जमायचे. चष्मेवाला स्वतः, गाणारा शाळामास्तर, आणि छापखान्यातून निवृत्त झालेला फोरमन. फोरमन वयाने मोठा, म्हणून बाकीचे दोघं त्याला दादा म्हणायचे. त्याचा उजवा हात थरथरायचा. गिटारीच्या तारेवर बोट पडायचं, पण जिथे पडायला हवं त्याच्या जरा अलीकडे, नाहीतर जरा पलीकडे. पण हौस म्हणाल तर दांडगी! एक चाल त्याने स्वतः बांधली होती, आणि ती रेकॉर्ड करायची म्हणून बिचारा रविवारमागून रविवार घाम गाळत बसायचा. चुकला की लहान मुलासारखा हसायचा. “परत घेतो रे,” म्हणायचा, बोटांनी गिटारीच्या लाकडावर चार टिचक्या मारून ताल धरायचा, आणि परत चुकायचा.

चष्मेवाल्याने काय केलं? सगळे गेल्यावर एकदा फोरमनचा ट्रॅक, म्हणजे त्याच्या गिटारीचं वेगळं रेकॉर्डिंग, बंद केला आणि त्याच्या जागी स्वतः वाजवून भरला. स्वच्छ, गुळगुळीत, एका दमात. पुढच्या रविवारी गाणं ऐकवलं आणि वर तोंड करून म्हणाला, “बघा दादा, काय वाजवलंत तुम्ही!”

मास्तर तर टाळ्याच वाजवायला लागला. फोरमनने हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळून ठेवली आणि म्हणाला, “छान झालंय.” एवढंच. त्यानंतर तो कधी आला नाही. हात दुखतो म्हणायचा. मग आजारपण आलं, दवाखाना झाला, आणि पावसाळ्यात तो गेला.

ती लबाडीही एक वेळ चालली असती हो. पण मध्यंतरी कॉम्प्युटर भरला. या घरगुती रेकॉर्डिंगवाल्यांना एक सवय असते. जागा कमी पडली की ‘न वापरलेल्या फायली काढून टाका’ असं एक बटण असतं, ते हे लोक डोळे मिटून दाबतात. चष्मेवाल्यानेही दाबलं. गाण्यात वापरलं नव्हतं ते सगळं गेलं. आणि गाण्यात काय वापरलं नव्हतं, ते वेगळं सांगायला नको.

शटर लवकर ओढलं त्या दिवशी सकाळी फोरमनच्या बायकोचा फोन आला होता.

“भाऊजी, ह्यांचं वाजवलेलं हवं होतं मला. गाण्यातलं नको. ते चुकायचे ना, परत परत घ्यायचे, तसलं. संध्याकाळी येऊ का?”

“या ना वहिनी,” हा म्हणाला. “सगळं ठेवलंय जपून.”

जीभ कशी झडली नाही त्याची! फोन ठेवल्यावर कानांच्या पाळ्यांपर्यंत लाज चढली. पण शब्द तर गेला होता. म्हणून तर दुकान बंद करून गडी धावत आला होता. संध्याकाळच्या आत त्याला फोरमनसारखं वाजवायचं होतं. चुकीचं.

खोलीचं दार लावून त्याने ॲम्प सुरू केला. जुना व्हॉल्व्हचा ॲम्प, मागे काचेच्या बल्बसारखे व्हॉल्व्ह असलेला. तापायला वेळ लागतो, आणि तापला की धुळीचा करपट वास सुटतो. त्याने गिटार घेतली, रेकॉर्डिंग लावलं आणि फोरमनची चाल धरली. पहिल्या खेपेला बोटं ऐकेनात. सवयीने सगळं सरळच आलं. पुसलं. दुसऱ्या खेपेला मनगट मुद्दाम हलवलं, तर ते एखाद्या नकलाकाराने लंगड्या माणसाची चेष्टा करावी तसं वाटलं. ऐकून त्यालाच शिसारी आली. मेलेल्या माणसाच्या थरथरत्या हाताची नक्कल करत बसलोय आपण, तो बसायचा त्याच खोलीत, त्याच्याच चालीवर... पण थांबला नाही. पुसलं आणि परत लावलं.

तेवढ्यात ॲम्प घुमायला लागला.

घूं... असा खालच्या पट्टीतला आवाज. एवढ्यातेवढ्याने घाबरेल तो कसला हौशी? घुमणाऱ्या ॲम्पचा पिच्छा पुरवणं म्हणजे या लोकांचा निम्मा छंद. त्याने वायर बदलली. घूं तसंच. ट्यूबलाइट बंद करून पाहिली, कारण कधीकधी तिचाही त्रास होतो. खोलीत ढगाळ संध्याकाळसारखा अंधार झाला, पण घूं तसंच. प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला. शेवटी गिटारच काढून टाकली. आता ॲम्पला काहीही जोडलेलं नव्हतं, आणि आवाज मात्र थोडा वाढला.

“व्हॉल्व्ह गेला असणार,” तो पुटपुटला. स्वतःचा आवाज ऐकून जरा बरं वाटलं.

व्हॉल्व्ह खराब झाला की तो कानासारखा होतो. त्याच्यावर हलकंसं टिचकलं तरी ते स्पीकरमधून मोठं होऊन ऐकू येतं. म्हणून त्याने पेन्सिल घेतली, ॲम्पच्या मागे गुडघे टेकले, आणि एकेका काचेवर अलगद टोक मारत गेला. पहिली काच, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसऱ्या काचेवर मारलं आणि स्पीकरमधून ‘टंग’ आलं. सापडला चोर! जीव भांड्यात पडला. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

टंग.

त्याने पेन्सिलीकडे पाहिलं. ती फरशीवर होती.

टंग... टंग... टंग. मग शांतता. कुणीतरी चार टिचक्या मारून, आता सुरू करायचं म्हणून थांबावं, तशी.

चष्मेवाल्याने बसल्या जागेवरून हात लांबवून भिंतीतला प्लग उपटला. ॲम्पवरचा लाल दिवा विझला. घूं मात्र लगेच थांबलं नाही; ते हळूहळू बारीक होत गेलं, आणि ते सरल्यावर खाली दुसरंच काहीतरी उरलं. श्वास. तोंड किंचित उघडं ठेवून, मान खाली घालून तारांकडे बघणाऱ्या माणसाचा असतो तसा. आणि करपट धुळीच्या वासात आता दुखऱ्या हाताला चोळायच्या मलमाचा उग्र वास मिसळला होता.

“दादा...?”

श्वास थांबला.

त्याला खूप काही बोलायचं होतं. चुकलं दादा, एवढं तरी. पण माणूस समोर असताना जे बोलता आलं नाही ते बंद ॲम्पशी कसं बोलायचं? शरमेने मान वर होईना. मग त्याने काय करावं? तो उठला, ट्यूबलाइट लावली, गिटार पुन्हा हातात घेतली, आणि ॲम्पला न जोडता थेट माइकसमोर ती चाल वाजवली. या वेळी हात आपोआप कापत होता. भीतीने म्हणा, कशाने म्हणा. नक्कल हुबेहूब उतरली. बघा माणूस कसा असतो. एवढं होऊनही पहिला विचार मनात आला तो ‘जमलं’ असाच.

दाराची बेल वाजली तशी त्याने घाईघाईने माउस इकडेतिकडे मारला, पडद्यावरच्या बाकीच्या खिडक्या बंद केल्या, नुसता तो एक ट्रॅक ठेवला.

वहिनी आल्या. ओली छत्री दाराशी टेकवून, पदर सावरत खोलीत शिरल्या आणि कुणी न सांगता नेमक्या फोरमनच्या नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. रजया, वायरी, माइक सगळं त्यांनी एकदा नजरेखालून घातलं.

“इथे बसायचे होय,” त्या म्हणाल्या. “घरी येऊन सगळं सांगायचे. कोण काय बोललं, चहा कितीदा झाला... लहान पोरासारखे.”

“हो,” चष्मेवाला म्हणाला.

“एक सांगू का भाऊजी? रागावू नका. त्या गाण्यात हे नाहीत ना?”

त्याने हेडफोन उचलला होता, तो परत खाली ठेवला.

“ह्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, गाणं गोड झालंय, मी त्यात नाही एवढंच. मी म्हटलं, मग बोला की त्यांना! तर म्हणाले, छे, छे, त्याला वाईट वाटेल. फार जीव होता हो तुमच्यावर.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “म्हणून म्हटलं, चुकलेलं तरी असेल तुमच्याकडे. त्यात तेच असतील.”

धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. इतके दिवस त्या माणसाने याची लाज झाकली होती, स्वतःच्या बायकोलासुद्धा गप्प बसवून. आता तरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही त्याने. आणि त्या उघड्या तोंडातून निघालं काय, तर, “आहे ना वहिनी. हे घ्या, हेडफोन लावा.”

त्याने सुरू करायचं बटण दाबलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत कुणाला होती! रजईवरची फुलं मोजल्यासारखं करत तो उभा राहिला.

मागून एक हुंदका आला. मग हसू.

“चुकले बघा,” वहिनी म्हणाल्या. “अगदी असेच! खोकले पण.”

चष्मेवाला वळला. तो खोकला नव्हता. वाजवताना त्याने श्वाससुद्धा जपून घेतला होता.

त्याने पडद्याकडे पाहिलं. रेघ पुढे पुढे सरकत होती, पण आवाज दाखवणारी हिरवी पट्टी तळाशी मेल्यासारखी पडून होती. वर येत नव्हती की हलत नव्हती. ट्रॅकच्या कडेला आवाज बंद केल्याची तांबडी खूण पेटलेली होती. मघाच्या घाईत त्याच्याच हातून दाबली गेली असणार. म्हणजे त्याची नक्कल वाजतच नव्हती. काहीच वाजत नव्हतं.

“वहिनी... जरा बघू?”

त्यांनी हेडफोनची एक बाजू त्याच्या कानाशी धरली. दोघांची डोकी जवळ आली. त्यांच्या ओठांवर चालीची लय हलत होती, मान डोलत होती. याला ऐकू येत होती ती फक्त स्वतःच्या छातीतली धडधड.

“येतंय ना?” त्या डोळे पुसत म्हणाल्या.

तो परत कॉम्प्युटरपाशी गेला आणि माउस त्या तांबड्या खुणेवर नेला. खूण काढली की आपलं वाजायला लागेल, मग निदान दोघांना एकच ऐकू येईल. बोट बटणावर टेकलं.

“थांबा, थांबा,” वहिनींनी हात वर केला. कपाळावर आठी आली. “मधेच बोलतायत. कुणाशी तरी.”

“काय... काय म्हणतायत?”

त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला आणि ऐकत ऐकत, एकेक शब्द उचलावा तशा म्हणाल्या, “राहू दे रे... ह्याला तरी हात लावू नकोस.”

चष्मेवाल्याने माउसवरचं बोट उचललं.

“एवढं कळवळून कुणाला म्हणतायत हो, भाऊजी?”

“मला,” तो म्हणाला.