पाचवं रीळ

“हा सु. पुराणिक कोण आहे जी? बोलवा त्याले.”

आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीच्या दारात तो उभा होता. हातात आमचाच अंक, सुरळी केलेला. वणीच्या रस्त्यावर एकीकडून कोळशाचे ट्रक येतात, दुसरीकडून कापसाच्या गाड्या. माणूस पोचेपर्यंत जुन्या पिच्चरसारखा काळा-पांढरा होऊन जातो. त्याच्या शर्टावर काजळी होती आणि डाव्या भुवईवर... कापसाचा एक तंतू. तो बोलला की तंतू हलायचा.

मी प्रुफावरून मान वर केली. “काय काम होतं?”

“काम काही नाही. विचाराचं होतं, का हा माणूस पिच्चर पाहून लिहिते का पोस्टर पाहून?” त्यानं सुरळी उलगडली आणि वाचू लागला, “‘पहिल्या भागात एक सासरा हरवला होता. दुसऱ्या भागात दोन हरवतात, म्हणून हसू दुप्पट होत नाही. शिळ्या कढीला ऊत!’ घ्या! औंदा कापसाले भाव नाही, त आमच्या टॉकीजमध्ये आधीच माणूस नाही. त्यात हे साहेब!”

“शिळी कढी लागली का मनाला?”

“तेच त चूक आहे. शिळी कढी ताजीपेक्षा चांगली लागते. ह्या माणसाच्या घरी कढी करतच नसन.”

“करते,” मी म्हणाले. “मीच सु. पुराणिक. सुमेधा.”

माझी नजर भुवईवर पाहून त्याचा हात आपोआप भुवईकडे गेला — नेमका उजव्या. तंतू डावीकडे तसाच राहिला. आणि मला हसू आलं, ते मी प्रुफात लपवलं.

अवधूत मला असा भेटला. डिसेंबर दोन हजार सहा.

टॉकीज त्याच्या वडिलांच्या वेळची. पूर्वी कापूस विकून माणसं थेट तिकिटाच्या खिडकीवर यायची, असं तो सांगे. आता तिकीट तोच फाडायचा, आणि ऑपरेटर चंद्रपूरला निघून गेल्यापासून मशीनही तोच चालवायचा. तरी दर शुक्रवारी आमच्या कचेरीत हजर. हातात पास, तोंडात भांडण.

“विनोद एकदाच होतो,” मी म्हणायची. “पुन्हा केला की तो समजावून सांगितल्यासारखा होतो.”

“अस्सं? मंग पोरीले रोज रात्री तीच गोष्ट काहून सांगता? ती हसते न रोज?”

माझी भैरवी तेव्हा पाच वर्षांची. टोपीवाला आणि माकडांची गोष्ट रोज लागायची तिला. मी म्हणाले, “हसते. पण एकदा मी माकडं दुप्पट केली, तर म्हणाली, ‘आई, खरी सांग.’”

“बाप्पा!” तो डोकं खाजवत म्हणाला. “पोरगीबी समीक्षकच निघाली.”

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. ‘सासरा हरवला’चा पहिला भाग मी त्याच्याच टॉकीजमध्ये पाहिला होता. बाल्कनी, तिसरी रांग, लग्नाचं पहिलं वर्ष, शेजारी सलील. सलील हसला की आधी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारायचा, मग माझ्या. भैरवी आठ महिन्यांची असताना चंद्रपूरच्या रस्त्यावर त्याचा अपघात झाला. त्यानंतर मी पिच्चर पाहत होते ते फक्त लिहिण्यापुरते. दुसऱ्या भागावर लिहिताना माझी लेखणी जरा जास्तच धारदार झाली होती, हे खरं. त्या सिनेमाला पुन्हा कुणी हात लावावा, हेच मला आवडलं नव्हतं.

संक्रांतीच्या आसपास एकदा पास टेबलावर ठेवून तो तसाच उभा राहिला. भांडण नाही, काही नाही.

“सुमेधाजी... दुसरा भाग चांगला नसतेच, हे तुमचं पिच्चरपुरतंच आहे न?”

मी पेनचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

“नाही म्हणजे... तुमच्या सासूबाईंसंग बोलू का, एवढंच विचारून राह्यलो.”

“सिनेमाचं बोला,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच कोरडा वाटला.

“बरं, सिनेमाचं. अमरावतीहून पहिल्याच्याबी रिळांची पेटी मागवतो. रविवारी दुपारी दोन्ही दाखवतो. आधी दुसरा, मंग पहिला. पहिला आधी दाखवला त तुम्ही तेवढाच पाहून उठून जासान. दोन्ही पाहा, अन् मंग सांगा. नाही म्हटलं त मी पुन्हा विचारणार नाही... शुक्रवारीबी येणार नाही.”

शुक्रवारीही येणार नाही. ते वाक्य मी घरी घेऊन गेले. कणीक मळताना, भैरवीच्या वेण्या घालताना, तेच.

रविवारी विमलताई, माझ्या सासूबाई, दाराशी शाल घेऊन उभ्या. “जाय. पोरीलेबी घेऊन जाय. तुह्यं हसणं आयकलं नाही मी लय दिवसांत.” त्यांना किती ठाऊक होतं, कोण जाणे.

टॉकीजमध्ये आम्ही धरून तेरा माणसं. पडद्यावर दोन सासरे हरवत होते, गोंगाट करत होते. भैरवी मात्र खुर्चीवर उभी राहून खिदळत होती, मुठीतले शेंगदाणे सांडत. मी वहीत लिहिलं, ‘पुन्हा पाहूनही तेच.’ आणि लाइट गेली. त्या वर्षी लोडशेडिंगचं हे रोजचंच होतं. अंधारात शिट्ट्या झाल्या, मागे जनरेटर धडधडला, आणि पडदा पुन्हा उजळला.

पण आता सासरा एकच होता! बँडवाल्यांच्या घोळक्यात लाल कोट घालून, पिपाणी फुंकत, तो स्वतःलाच शोधायला निघालेल्या वरातीच्या पुढे चालला होता.

हा पहिला भाग होता. अवधूतनं अंधारात चुकीचं रीळ लावलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, अख्खी टॉकीज हसत सुटली. मागून कुणीतरी ओरडलं, “आता जमला पिच्चर!”

हाच प्रसंग. इथंच सलीलनं माझ्या गुडघ्यावर इतक्या जोरात थाप मारली होती, की चहा सांडला होता. आता रडू येणार म्हणून मी पदर हातात धरून ठेवला. पाहत राहिले... आणि मला दिसलं की सासऱ्याची मिशी एका बाजूनं सुटली आहे. बँडमधली दोन माणसं सरळ कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. पिपाणीचा तोच विनोद तीनदा होतो. एवढी वर्षं मी ह्यालाच जगातला सगळ्यात मोठा विनोद समजत होते? मी तर तेव्हा पडद्याकडे पाहिलंच नव्हतं बहुतेक. सलीलच्या हसण्यालाच हसत होते.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर थाप बसली. इवलीशी, चिकट, शेंगदाण्याच्या सालांची.

“आई, पाह्य न! पाह्य न!” भैरवी म्हणत होती. तिला ही सवय कुणी लावली नव्हती. तिला ना पहिला भाग ठाऊक होता, ना दुसरा. समोर पिच्चर होता आणि तो तिला आवडत होता.

मी हसले. आधी बारीक, मग पोटातून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रीळ संपून दोन सासरे परत आले, तेव्हाही मी हसतच होते.

अवधूत जिन्यावरून धावत खाली आला. गालाला ग्रीस लागलेलं. माझ्या खुर्चीजवळ वाकून कुजबुजला, “चूक झाली जी! रीळ बदलतानाच लाइट गेली, अंधारात चाचपून घेतलं, पाचवं रीळ पहिल्याचं लागलं. अन् लोक हसले त जुन्यालेच हसले... आता तुम्ही हेच लिहिसान.”

“लिहिणार तर आहेच.”

“मंग... समजलं मले उत्तर.” तो वळला.

“अवधूतजी, तुम्ही कायम वरच असता. कधी कुणाच्या शेजारी बसून पाहिलाय का पिच्चर?”

“मशीन कोण पाहीन?”

“आत्ता लावलेलं रीळ किती वेळ चालेल?”

“पंधरा मिनिटं.”

“मग पंधरा मिनिटं बसा.”

तो बसला. खुर्चीच्या अगदी कडेवर, परीक्षेला बसल्यासारखा. पडद्याच्या उजेडात दिसलं... भुवईवर आजही कापूस. डावीकडेच. मी हात पुढे केला आणि तंतू काढला. तो दचकून पुढे झुकला.

“काका, हलू नका न, दिसत नाही!” भैरवी ओरडली.

“नाही हलत, माय,” तो म्हणाला. मग पडद्याकडेच पाहत, अगदी हळू, “सासूबाईंसंग बोलाले... येऊ का?”

“उद्या संध्याकाळी या. जेवायलाच.” मी वही मिटली. “कढी मी आजच करून ठेवते.”

त्याला कळायला वेळ लागला. मग तो हसू लागला, आणि हसता हसता त्याचा हात थांबला तो माझ्या हातावर.

पंधरा मिनिटं कधी झाली, कुणाला कळलं? पडदा पांढराफटक पडला. मागून शिट्ट्या सुरू झाल्या, “ओ मालक! रीळ लावा न! कुठं हरवले?”

“येऊन राह्यलो!” अवधूत ओरडला. पण उठला नाही.